बॅगेच्या तळाची दोन पातळं

आमच्या घरातून परदेशी जाणारी पहिली बाई मी. त्याचा २०२३ च्या उन्हाळ्यात मला बराच तोरा आला होता, हे आधीच कबूल करते. लेक-जावई दुबईला नोकरीला. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला तेवढी रजा मिळेना. नात तिकडेच झाली. ती चार महिन्यांची झाली तेव्हा जावयांनी मला तिकीट पाठवलं. मे महिन्यात जायचं आणि मृगाच्या आत परतायचं असं ठरलं. मृग लागला की कपाशीची लागवड कोणासाठी थांबत नाही.

तिकीट आलं आणि पहिला प्रश्न पडला, न्यायचं काय? नातीसाठी सांडगे-पापडांचा उपयोग नव्हता. उरले माझे कपडे. लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, येताना जरा चांगल्या साड्या आण हं. ती रोजची विटकी पातळं नकोत. इथं शेजारच्या बायका कशा नीटनेटक्या असतात!"

बोलणं साधंच, पण मला लागलं. आपली पोर आपल्या पातळाला लाजते, हे कोणत्या आईला गोड लागेल? मी हट्टाला पेटले. तुरीच्या पैशातून निंदणासाठी सहा हजार रुपये काढून डाळीच्या डब्यात ठेवले होते. ते घेतले, यवतमाळ गाठलं आणि चार साड्या घेऊन आले. जॉर्जेट काय, शिफॉन काय, चमकीचे काठ काय! हातात घेतल्या की पाण्यासारख्या सांडायच्या. त्यांवर अस्तराचे, अंगाबरोबर बसणारे ब्लाउज शिवून घेतले. सॅटिनचे परकर घेतले. घरधन्यांनी डबा उघडून पाहिला आणि झाकण लावून ठेवलं. एक शब्द बोलले नाहीत. दोन शब्द रागाने बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

"तिकडे ऊन फार असतं म्हणतात," जाऊबाई म्हणाल्या. मला हसू आलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. अशा उन्हात आम्ही पऱ्हाट्या वेचून रान साफ करतो. मला कोण ऊन शिकवणार?

निघायच्या आदल्या रात्री सासूबाई काठी टेकत आल्या. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. हातात माझीच दोन जुनी सुती पातळं. गोधडीसाठी म्हणून मी ती गाठोड्यात टाकली होती.

"आत्याबाई, हे कशाला? तिथं ही नेसली तर लेक घरात घेणार नाही."

"नेसू नको. पोरीचं दुपटं शिव. पण ने," त्या म्हणाल्या. मग माझ्या नव्या साडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "कचकड्याले घाम पेता येते काय वं?"

म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून ती पातळं बॅगेच्या तळाला घातली आणि विसरून गेले.

बडनेऱ्याहून रेल्वेने मुंबई आणि मुंबईहून तीन-साडेतीन तासांत दुबई. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. नातीला मांडीवर घेतलं आणि सारा शीण गेला. घरात थंड हवेचं यंत्र दिवसरात्र चालू. माझ्या साड्या पाहून लेक खूष. मीही खूष. असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी खाडी बघायला निघालो. खाडीतून पलीकडे जायला लाकडी होड्या असतात, त्यांना अब्रा म्हणतात. भाडं एक दिरहम, म्हणजे तेव्हाचे बावीस-साडेबावीस रुपये. मी मोरपंखी जॉर्जेट नेसले होते. धक्क्यावर होडीची वाट पाहत पंधरा मिनिटं उभी राहिले असेन. अंगावर गरम ओला टॉवेल गुंडाळावा तसं झालं. घाम नुसता वाहत होता, वाळायचं नाव नाही. साडी पोटऱ्यांना चिकटली, ब्लाउजचं अस्तर पाठीला चिकटलं, पाऊल उचलवेना. होडीत चढताना परकर पायात अडकला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जावयांनी धरलं म्हणून, नाहीतर खाडीतच गेले असते. लेक घाबरून रडायला लागली. तिच्या कडेवर बाळ होतं. आज आठवलं तरी छाती धडधडते.

घरी येऊन पडल्या पडल्या विचार करत होते. त्या दिवशी पारा चाळिसाच्याही खालीच होता. आमच्यापेक्षा कमी! मग झालं काय?

बायांनो, ते कोडं आपल्या घरातल्या माठानं सुटतं. माठातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतली ऊब घेऊन जातं. म्हणून उन्हाळ्यात पाणी गार होतं. पावसाळ्यात हवाच ओली असते, पाझर उडत नाही आणि माठही गार होत नाही. आपलं अंगही माठासारखंच. विदर्भातलं ऊन कोरडं, घाम आला तसा उडतो. दुबई समुद्राकाठची, तिथल्या हवेत ओल फार. तिथे घाम उडायला आधीच कष्ट. त्यात अंगावर कापड असं, की ते घाम शोषतही नाही आणि वाराही आत येऊ देत नाही. शंभर ग्रॅम सूत साध्या हवेतही सात-आठ ग्रॅम ओल धरून असतं. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. माझं जॉर्जेट पॉलिएस्टरचंच होतं. सासूबाईंनी हेच एका वाक्यात सांगितलं होतं. आणि मी जन्मभर कापूस वेचलेली बाई! वेचणीच्या दिवसांत उन्हापासून अंग राखायला घरधन्यांचा जुना सुती सदरा पातळावरून घालते, ढगळ, लांब बाह्यांचा. ती अक्कल बॅग भरताना कुठे गेली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तळाची पातळं काढली. लेकीच्या शिलाई यंत्रावर रात्रीतून एक सैल, बिनअस्तराचा सुती ब्लाउज शिवला. परकर पॉपलिनचा केला. भाताच्या पेजेची हलकी खळ दिली, इस्त्री फिरवली. खळीनं काठ उभे राहिले आणि कापड अंगाला चिकटायचं थांबलं. आरशात पाहिलं तर तेच पातळ एखाद्या मास्तरणीसारखं दिसत होतं. वेळ मात्र बदलली. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावरच बाहेर पडायचं. तिथे सरकारचाच नियम आहे, १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायचं नाही.

तिथल्या माणसांचे कपडेही मी मग नीट पाहिले. पुरुषांचा पांढरा पायघोळ झगा, बायकांचा काळा अबाया. सारं सैल, अंग झाकणारं. उन्हात काळा रंग कसा सोसतो, असं मी जावयांना विचारलं. त्यांनी सांगितलं की वाळवंटातल्या बदाऊनी लोकांच्या झग्यांवर शास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता. तो १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. काळा झगा ऊन जास्त पितो, पण झगा ढगळ असल्यामुळे आत वारा खेळतो आणि ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोहोचत नाही. अंगाला काळ्या-पांढऱ्याचा फरक जाणवत नाही. रंगापेक्षा ढगळपणा मोठा, हे मी गाठीला बांधलं.

अबुधाबीची मोठी मशीद पाहायला गेलो. तिथे बाईनं डोकं, हात, पाय झाकलेले असावे लागतात. लांब बाह्यांचा सुती ब्लाउज आणि डोक्यावरून पदर, माझं काम झालं. नव्या चार ब्लाउजांच्या बाह्या मात्र वीतभर. मोठ्या दुकानांतून आणि मेट्रोत इतकी थंडी, की अंगावर शाल लागते. तिथे मात्र माझं जॉर्जेट खुशाल शोभलं. त्या साड्यांचा दोष नाही, मी त्यांना चुकीच्या जागी नेलं.

एका संध्याकाळी नातीला निजवताना लेक म्हणाली, "आई, फोनवर बोलले ते मनात ठेवू नकोस. चार बायकांत मला कमीपणा वाटू नये, एवढंच होतं माझ्या मनात."

"मग माझ्या तरी मनात दुसरं काय होतं?" मी म्हटलं. दोघी हसलो, आणि हसता हसता दोघींचे डोळे भरून आले.

निघताना एका पातळाची दोन दुपटी शिवून ठेवली. सुताचं मऊ कापड, नात त्यात लगेच झोपली. दुसरं नेसून विमानात बसले.

परतले तेव्हा मृगाला दोन दिवस होते. डाळीचा डबा रिकामाच होता. त्या वर्षी निंदणाला तीन बाया कमी लावल्या आणि त्यांच्या जागी मी आणि जाऊबाई तासात बसलो. घरधन्यांनी तेव्हाही काही म्हटलं नाही, फक्त दुपारी पाण्याचा माठ स्वतः धुऱ्यावर आणून ठेवला.

तेव्हा बायांनो, लेकी-सुनांकडे परमुलखात जाल तर चार साड्यांत दोन सुती ठेवा. ब्लाउज बोटभर सैल शिवा. एक शाल घ्या. आणि बॅग भरताना घरातल्या म्हातारीला एकदा त्या कापडावरून हात फिरवू द्या.