जेवण झालं का?

पंगतीत ‘आता घास नको’ म्हणून भातावर हात आडवा धरणारा पाहुणा श्रीखंड आलं की तोच हात हळूच बाजूला घेतो. आपण हसतो. पण १९८१ साली बार्बरा रोल्स, एडमंड रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की जो पदार्थ मनसोक्त खाल्ला, त्याची गोडी तेवढी ओसरते. वेगळ्या चवीला माणूस तयार असतो. म्हणजे ‘पोट भरलं’ हा निकाल एकटं पोट देत नाही.

त्या निकालात आठवणीचाही वाटा असतो, हे मला सासूबाईंमुळे कळलं. त्यांना विसरण्याचा आजार जडला होता. बाराच्या ठोक्याला भाकरी, आमटीभात, शेंगदाण्याची चटणी असं नीट जेवून त्या आडव्या होत. अर्ध्या तासानं उठून विचारत, “काय गं, आज चूल पेटली नाही वाटतं?” एकदा तर दारात आलेल्या शेजारणीला डोळ्यांत पाणी आणून कानडीत सांगितलं, की सकाळपासून पोटात अन्न नाही! शेजारीण मला काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ताटलीत उप्पीट झाकून आणू लागली. ते उप्पीट पाहिलं की माझ्या घशाखाली घास उतरत नसे. बावीस वर्षं ज्या हातानं वाढलं, त्याच हातावर हा आळ!

पुढे लेकीनं पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८ सालचा अभ्यास मला समजावून सांगितला. मेंदूला इजा झाल्यानं नवं काहीच लक्षात न राहणाऱ्या दोन रुग्णांपुढे, जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांत पुन्हा ताट ठेवलं. ते पुन्हा जेवले. तिसरं ताट आलं, तेव्हाही बहुतेक वेळा त्यांनी जेवायला सुरुवात केली. ज्यांची स्मृती शाबूत होती, त्यांनी दुसरं ताटच नाकारलं. ऐकून माझ्या मनावरचा दगड उतरला. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्यापुरतं ते जेवण झालंच नव्हतं.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी दुपारच्या जेवणाचे दोन भाग केले. निम्मं बाराला, निम्मं त्या मागतील तेव्हा. शेजारणीलाही सगळं सांगितलं. मग ती बाराच्या सुमारास येऊन त्यांच्याजवळ बसू लागली. उप्पीट यायचं थांबलं, येणं वाढलं.

आपल्या सीमाभागात कुणी भेटलं की ‘जेवण झालं का?’ किंवा ‘ऊट आतेन्री?’ असं सहज विचारतात. उत्तर द्यायला आठवण लागते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्याची आठवण गेली, त्याच्या जेवणाचा हिशेब घरच्यांनी लक्षात ठेवायचा. आणि तरीही त्यानं मागितलं, तर वाटी पुढे करायची.