आत्याच्या पर्समधली अर्धी गोळी

तुमच्या घरातला औषधांचा डबा एकदा उघडून बघा. तापाच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांबरोबर एखादी ‘झोपेची’ स्ट्रिपही सापडेल. आमच्याकडे ती आत्याच्या पर्समध्ये असायची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात साधी ऑनलाइन मीटिंग चालू असताना माझी छाती धडधडायला लागली. हात बधिर, श्वास पुरेना. हार्ट अटॅकच वाटला, पण ईसीजी नॉर्मल निघाला. मग तसंच रिक्षात, आंघोळ करताना, कधीही. त्या शनिवारी घरी गेले, तर आत्याने गोळी मधोमध मोडून हातावर ठेवली. “अर्धी घे गं, काही होत नाही. मी सहा वर्षं घेतेय.”

तासाभरात सगळं शांत! दुसऱ्या दिवशी मी स्ट्रिपचा फोटो काढून घेतला. तुम्हीही काढला असता.

ती अल्प्राझोलाम होती. पुण्यातल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली, तेव्हा मला रागच आला. ही गोळी 2014 पासून ‘शेड्यूल एच 1’मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षं ठेवावी लागते, हे मला नंतर कळलं. (आत्याला कुठून मिळायची, ते विचारू नका.)

चिठ्ठी मिळावी एवढ्याचसाठी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पॅनिक डिसॉर्डर आहे असं सांगितलं आणि दुसरंच औषध लिहिलं, एस्सिटालोप्राम. आधी 5 मिलिग्रॅम, मग 10. अल्प्राझोलाम फक्त पहिले दोन आठवडे. असं का? त्यांनी सांगितलं, की अल्प्राझोलाम मेंदूतली धोक्याची घंटा लगेच दाबते, पण मेंदूला तिची सवय होते. पुढे तेवढी गोळी पुरत नाही आणि बरेच दिवस घेऊन एकदम थांबवली तर घबराट उलटते, फिटसुद्धा येऊ शकते. एस्सिटालोप्रामची तशी तलफ लागत नाही. मात्र ती सावकाश काम करते, दोन ते सहा आठवडे लागतात.

पहिला आठवडा वाईट गेला. मळमळ, आणि अस्वस्थपणा उलट वाढलेला. पाचव्या आठवड्यात एकदा बसमधून उतरल्यावर लक्षात आलं, अख्ख्या प्रवासात आपल्याला छातीची आठवणच झाली नाही.

घरी मात्र वेगळंच. “त्या गोळ्यांची सवय लागेल. स्थळं बघतोय, कुणाला कळलं तर?” इति आई. म्हणजे पर्समधली अर्धी गोळी चालते, डॉक्टरांनी तपासून दिलेली चालत नाही! बोलले नाही मी. चौथ्या महिन्यात बरं वाटत होतं, म्हणून दिवाळीला येताना गोळ्या रूमवरच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी चकल्या तळताना मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, गरगरायचं. डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत. गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली. बरं वाटायला लागल्यावरही साधारण वर्षभर घ्यायची आणि मग डोस हळूहळू उतरवायचा, असं समजावलं.

शेजारी बसून आत्या सगळं ऐकत होती. “मग माझी गं?” काका गेले तेव्हा तिला ती गोळी पंधरा दिवसांसाठी दिली होती. चिठ्ठी अजून पर्समध्ये होती, घडीवर फाटलेली. मी घाबरून आधी एवढंच म्हटलं, “तू मात्र एकदम बंद करू नकोस.”

दिवाळीनंतर आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. (तुमच्या गावात असे डॉक्टर नसतील तर सरकारच्या ‘टेली मानस’चा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे.) आत्याचा डोस डॉक्टरांनी कित्येक महिन्यांत वाटून कमी करायला घेतला. मधे दोनदा ती रडकुंडीला आली, तेव्हा त्यांनी वेग आणखी कमी केला.

परवा तिचा फोन आला. “आजपासून पाव.” मग तक्रार, की पहाटे तीनलाच जाग आली. “मग काय केलंस?” “काय करणार? कपाट आवरलं. तुझा जुना स्वेटर सापडलाय, पाठवू का?”