सुईमागचें सख्य

घरांतील कागदपत्रांची पेटी आणि शिवणाची पेटी यांपैकीं घराचा खरा इतिहास कोणत्या पेटींत असतो, असें आम्हांस कोणीं विचारलें तर आम्ही विलंब न लावतां दुसरीकडे बोट दाखवूं. पहिल्या पेटींत शेताचे उतारे, जन्मपत्रिका, गुणपत्रकें आणि कोर्टाचे निकाल असतात. म्हणजे जें मोजून, भांडून किंवा उत्तीर्ण होऊन मिळविलें तेवढेंच तींत असतें. कोणाच्या फाटक्याला कोणीं ठिगळ लाविलें, याची नोंद तींत सांपडावयाची नाहीं. बायकांच्या मैत्रीला तर आपल्या घरांत कधीं कागदच मिळाला नाहीं. पुरुषांची मैत्री पत्रव्यवहारांत राहते, सहलीच्या फोटोंत राहते. बायकांची राहिलीच तर बिस्किटांच्या जुन्या डब्यांत, बटणांच्या तळाशीं राहते.

इंझोरीस आमच्या घरीं अशी एक सागवानी पेटी आहे. ती आमच्या मातुःश्रींची. पुढें ती आमच्या कुटुंबाकडे आली. तींत काय नव्हतें? स्कॉटलंडांतील पेस्ली गांवच्या कोट्स कंपनीचीं लाकडी रिळें होतीं, त्यांवरील गोल चिठ्ठ्या अजून शाबूत. (वऱ्हाडानें कापूस पिकवावा, तो गांठी बांधून समुद्रापार जावा आणि वऱ्हाडांतील बायकांनीं शिवावयाचा दोरा विलायतेहून रिळांत गुंडाळून यावा, ही गंमत कोणा अर्थशास्त्रज्ञापेक्षां हें रीळच अधिक चांगली सांगतें.) पितळी अंगुस्तान होतें, टोंकाशीं झिजून भोंक पडलेलें. शिंपल्याचीं बटणें होतीं. तीं ओळखण्याची युक्ति अशी कीं, बटण गालाला लावावें. शिंपल्याचें असेल तर गार लागतें, प्लॅस्टिकचें असेल तर लागत नाहीं. शिंगाचीं बटणें, चोळीचे हुक, काजें कापावयाची आंखूड कात्री, कापडी टेप, आणि हातानें फिरवावयाच्या जुन्या सिंगर यंत्राचा बोटभर लांब, होडीसारखा धोटा. या धोट्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे.

शिवणाकडे आम्हीं आयुष्यभर शब्दांच्या बाजूनें पाहिलें. ज्या 'सूत्र' शब्दानें आपलीं शास्त्रें बांधलीं, तो उणादिप्रकरणांत शिवणें या अर्थाच्या 'सिव्' धातूपासूनच साधिला आहे. शिंप्याला अमरकोशांत 'तुन्नवाय' आणि 'सौचिक' अशीं दोन नांवें आहेत. गोधडीला 'कंथा' म्हणतात आणि शेंकडों तुकड्यांची ती कंथा भर्तृहरीच्या वैराग्यशतकांतहि येते. तेथें ती विरक्ताच्या खांद्यावर आहे. ती शिवली कोणीं, हें कवीनें सांगितलेलें नाहीं. मैत्रीसाठीं पाणिनीनें 'साप्तपदीन' असा सुंदर शब्द सिद्ध करून दिला आहे. सात पावलें बरोबर चाललें म्हणजे सख्य झालें, हा त्यांतील भाव. आम्ही जिच्याविषयीं लिहीत आहों, ती मात्र तांड्यावरून आमच्या ओसरीपर्यंत दोन मैल चालून येत असे.

आमचा मानोरा तालुका बंजारा समाजाच्या वस्तीचा. संत सेवालाल महाराजांची समाधि जेथें आहे तें पोहरादेवी याच तालुक्यांत. तेथें ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा वारशाचें मोठें संग्रहालयहि उघडलें. जवळच्या एका तांड्यावरची ही बाई. आमचीं मुलें तिला याडी म्हणत. बंजारा बोलींत याडी म्हणजे आई. आमचें कुटुंब १९८३ सालीं लग्न होऊन इंझोरीस आलें आणि त्याच वर्षीं पावसाळ्यानंतर याडी ओसरीच्या पायरीशीं येऊन उभी राहिली. तिला यंत्रावर चार हात सरळ टीप मारून हवी होती.

त्या काळीं घरांत मातुःश्रींचें चाले. परक्या जातीच्या माणसानें ओसरीच्या आंत यावयाचें नाहीं, हा दंडक होता, आणि तो मोडण्याची छाती नव्या सुनेला कोठून असणार? परंतु दंडकाला जें कळत नाहीं तें उजेडाला कळतें. आमच्या घराचें माजघर अंधारें. दुपारीं सुई ओंवावयाची तर ओसरीवरच यावें लागे. तेव्हां सूनबाई यंत्र घेऊन बाहेर येऊन बसे, याडी पायरीवर बसे. कांहीं महिन्यांनीं याडी ओसरीवर बसूं लागली, कारण आरशाचा टांका दाखवावयाचा तर हात हाताशीं लागावा लागतो. मातुःश्री आंतून हें सर्व पाहत असत. एके दिवशीं त्यांनीं तिच्यापुढें चहाचा पेला ठेविला. तो इतर पेल्यांबरोबर विसळला गेला कीं निराळा ठेविला गेला, इकडे आमच्या कुटुंबाचें बारकाईनें लक्ष होतें. तो बरोबरच विसळला गेला. या प्रसंगाची आमच्या घरीं वाच्यता कधीं झाली नाहीं; आम्हांस तो कळला तोहि पुष्कळ वर्षांनीं.

वाचकांपैकीं ज्यांनीं बंजारा बायकांचें भरतकाम केवळ प्रदर्शनांतून पाहिलें असेल, त्यांस तें रंगीबेरंगी एवढेंच वाटेल. जवळून पाहावें. फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी. त्यांवर नुसता दोरा नसतो, तर आरसे, कवड्या, लोंकरीचे गोंडे, कथलाचे मणी, नाणीं असें जें हातीं येईल तें टांक्यानें जागच्या जागीं बसविलेलें असतें. निरनिराळ्या वस्तु कापडावर जोडून चित्र करण्याची जी कला आज शहरांत मोठ्या नांवानें शिकविली जाते, ती तांड्यावर अंगावर घालून शेतांत जात असत. कर्नाटकांतील संडूरच्या लंबाणी भरतकामास भौगोलिक मानांकन मिळालें आहे. २०२३ च्या जुलैंत हंपी येथें जी-२० च्या बैठकीच्या वेळीं अशा १७५५ वस्तु एकत्र मांडून जागतिक विक्रमाची नोंदहि झाली. चांगलें झालें. परंतु त्या नाण्यांचें आणखी एक काम असे, तें मांडणींत दिसत नाहीं. तीं नाणीं म्हणजे अडचणीची पुंजी. अंगावर शिवलेली, आणि वेळ आली कीं उसवावयाची.

अशी वेळ एका वर्षीं आली. पाऊस दडला, कपाशी हातची गेली. याडीनें कांचळीवरचीं चांदीचीं नाणीं उसवून विकलीं. पुढें एका लग्नास जावयाचें तर कापडावर नाण्यांच्या जागीं नुसतीं गोल, न विटलेलीं वर्तुळें! अंगावरचें कापड विटतें, नाण्याखालचें विटत नाहीं. त्यामुळें काय गेलें हें सर्व गांवाला दिसावयाचें. त्याच सुमारास आमच्या वडिलांचा बंद गळ्याचा कोट आम्हीं एका समारंभासाठीं काढला, तों त्यास एकहि बटण नाहीं. तीं सातहि पितळी बटणें चिंचेनें घांसून लखलखीत होऊन याडीच्या कांचळीवर जाऊन बसलीं होतीं. आम्हीं विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, "अहो, कोट वर्षाकांठीं एकदां लागतो. तिला उद्यां जायचं होतं."

ती कांचळी अखेर विरली. याडीनें तिचा छातीचा तुकडा बटणांसकट कापून गोधडींत घालण्यास म्हणून परत आणून दिला. तो गोधडींत कधीं गेला नाहीं; पेटींत राहिला.

२०२४ च्या मार्गशीर्षांत याडी मुलाकडे पुण्यास कायमची राहावयास जाणार असें ठरलें. डोळे अधू झाले, तांड्यावर पाहणारें कोणी उरलें नाहीं. आमच्या कुटुंबानें तें ऐकून घेतलें आणि त्याच रात्रीं पेटी उघडली. सूनबाईनें सांगितलें कीं, अमेरिकेंत १८४० नंतरच्या दशकांत पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांतील बायकांना मागें राहणाऱ्या मैत्रिणी तुकड्यातुकड्यांची गोधडी करून देत आणि प्रत्येक तुकड्यावर करणारीचें नांव शाईनें लिहीत. तशीं आपणहि नांवें भरूं. आमच्या कुटुंबानें मान हलविली. "याडीला वाचता येत नाही. पुण्यात दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं असलं कशाला द्यायचं?" छत्तीस वर्षें मुलांना अक्षरें गिरवावयास लावलेल्या मनुष्यासमोर हें बोलणें झालें. आम्ही गप्प बसलों, आणि आमच्या मतें तेंच योग्य होतें.

काम महिनाभर चाललें. खालीं मांजरपाट, त्यावर मऊ झालेल्या नागपुरी लुगड्याचे दोन पदर, आणि सर्वांतून गोधडीचा धांवदोरा. कारण नुसत्या कापडावर धातूच्या वस्तु लाविल्या तर कापड झोळ धरतें. जड वस्तु खालच्या अंगास, हलक्या वर. रिळें चिकटविलीं नाहींत. त्यांच्या भोंकांतून गोफ ओंवून टांगलीं, म्हणजे हात लागला कीं फिरतात. रिळावरचा जुना दोरा दिसावयास सुंदर, पण ओढला कीं तुटे. तेव्हां तो शोभेपुरता ठेवून बांधणी नव्या दोऱ्यानें केली. लोखंडी हुक वगळले, कारण दमट हवेंत त्यांचा गंज कापडांत उतरतो आणि मग जात नाहीं. शिंपल्याचीं बटणें साध्या पाण्यानेंच पुसलीं. चिंचेच्या आंबटानें पितळ उजळतें, पण शिंपला विरघळतो. मध्यभागीं तो कांचळीचा तुकडा, सात बटणांसह. एक जागा सूनबाईनें रिकामी ठेविली होती. तेथें टेप आला. आमच्या कुटुंबानें तो बरोबर ४१ इंचांवर कापला आणि कांठाला वळवून दोन बाजूंनीं शिवून टाकला. ४१ कां, हें आम्हीं विचारलें नाहीं. वजाबाकी आम्हांस येते.

वाद झाला तो धोट्यावरून. तो त्यांस कांचळीच्या तुकड्याखालीं बसवावयाचा होता. आम्हीं हरकत घेतली. त्या यंत्राला दुसरा धोटा नाहीं. हा गेला कीं यंत्र मुकें झालें. आमचें मत अजूनहि असें आहे कीं, चालतें हत्यार शोभेला टांगूं नये. जपानांत टोकियोकडे ८ फेब्रुवारीस मोडक्या सुया मऊ टोफूच्या वडींत खोंचून त्यांना विश्रांति देण्याचा विधि आहे. पण त्या सुया काम करून मोडलेल्या असतात. आपल्याकडेहि दसऱ्याला यंत्राला झेंडूची माळ घालतों ती दुसऱ्या दिवशीं काढून कामाला लागण्यासाठीं. हें सर्व आम्हीं सविस्तर सांगितलें. तें ऐकून घेऊन आमच्या कुटुंबानें त्या जागीं इरकली खणाचा एक लहान खिसा शिवला, त्याला बंद लाविला आणि धोटा त्यांत सरकवून दिला. "शिवला नाही. ठेवला आहे," एवढेंच त्या म्हणाल्या.

निघण्याच्या आदल्या दुपारीं याडी आली. कापड तिच्या मांडीवर ठेविलें. पोरीबाळी फोटो काढावयास सरसावल्या, पण याडीनें पहिली गोष्ट केली ती ही कीं, कापड उलटें करून पाठीमागचे टांके बोटांनीं चांचपले. नंतर सुलटें केलें. बटणांवरून हात फिरविला, सात मोजलीं. टेपाच्या कांठावरून बोट शेवटपर्यंत नेलें. मग खिशाचा बंद सोडला आणि धोटा हातांत घेऊन बराच वेळ बसली.

"गुरुजी," ती आमच्याकडे वळून म्हणाली, "हे तं मशीनचं काळीज हाय. हे मी कसं नेऊ? बाई शिवणार काशावर?"

"आता कुठं शिवते मी," आमचें कुटुंब म्हणालें.

"नाही शिवली तरी," याडी म्हणाली. आणि उठून स्वतः यंत्राची खालची पट्टी सरकवून तिनें धोटा जागेवर बसविला. डोळ्यांनीं दिसत नव्हतें, हातांस ठाऊक होतें. खटका बसल्याचा आवाज आला. खिसा तसाच रिकामा घेऊन ती गेली.

संक्रांतीनंतर तिच्या नातीचा फोन आला. कापड भिंतीवर लावण्यास याडीनें नकार दिला आहे. तें तिच्या उशाशीं घडी घालून असतें. खिशांत तिच्या सुया आहेत. नात सायंकाळीं कामावरून आली कीं तिच्याकडून एक सुई ओंवून घेते, आणि टेपाची एक बाजू थोडी सैल बसली होती ती तिनें आपल्या हातानें पुन्हा घट्ट केली आहे, असेंहि आमच्या कुटुंबास आवर्जून कळविण्यांत आलें.