काळी बाटली

आमच्या विषयात एक गंमत आहे. पाण्यात ज्याची भीती असते ते आम्ही सहसा शोधतच नाही. विषमज्वराचा जंतू, कॉलऱ्याचा जंतू, काविळीचा विषाणू... प्रत्येकाला गाठायचं तर वेगळी खटपट, वेगळा खर्च. आणि एवढं करून तो नेमका त्या दिवशी, त्या तांब्याभर पाण्यात सापडेलच असंही नाही. म्हणून मग आम्ही त्याच्या वाटेवरचे सोबती शोधतो. पाण्यात विष्ठा मिसळली असेल तर जे हटकून येणार, असे. ते दिसले की समजायचं, वाट उघडी आहे. आज हे आले, उद्या दुसरा कोणी येईल. यांना दर्शक जंतू म्हणतात.

यातला सगळ्यात नावाजलेला म्हणजे ई. कोलाय. थिओडोर एशेरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञानं १८८५ साली तान्ह्या बाळांच्या शीमधून तो वेगळा काढला आणि पुढे जगभरच्या पाण्याचा न्यायनिवाडा त्याच्यावर होऊ लागला. आपल्याकडचं पिण्याच्या पाण्याचं मानक (आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती) सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये. एकही नाही.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात काय, तर नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यायचा, बर्फात ठेवायचा, काही तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा. ज्या गावाला दिवसातून दोनदाच एसटी येते, आणि बर्फ फक्त लग्नसराईत, तिथून हे कसं जमायचं? पोचेपर्यंत थर्मासातला बर्फ वितळलेला आणि तालुक्याचा माणूस जेवायला गेलेला. अहवाल येतो तोवर गावातली जुलाबाची साथ येऊन गेलेलीही असते.

या अडचणीवर १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मंजा, मौर्य आणि राव या तिघांनी एक साधी बाटली काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. मला ही बाटली मनापासून आवडते. टिशू पेपरची घडी घ्यायची. तिच्यावर पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट, लोहाचं एक सायट्रेट आणि थोडा साबणासारखा पदार्थ यांचं मिश्रण शोषून घ्यायचं. वाळवायचं, बाटलीत ठेवून निर्जंतुक करायचं. झालं. गावात नेऊन खुणेपर्यंत, म्हणजे साधारण २० मिलिलिटर, पाणी भरायचं आणि ऊबदार जागी ठेवून द्यायची. इन्क्युबेटर नको, सूक्ष्मदर्शक नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फडताळातही चालते. थंडीत मी बायकांना चुलीच्या भिंतीलगत ठेवायला सांगते. पाण्यात तसे जंतू असतील तर ते गंधकाच्या संयुगांपासून हायड्रोजन सल्फाइड वायू बनवतात, तो लोहाशी जुळतो आणि १२ ते १८ तासांत पिवळसर पाणी शाईसारखं काळंकुट्ट होतं.

आता यातली मौज अशी की ई. कोलाय स्वतः सहसा हा वायू बनवतच नाही! बाटली काळी करतात ते त्याचे शेजारी. सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, साल्मोनेला, शिवाय क्लॉस्ट्रिडियम. हे सगळे आतड्यातल्या गर्दीतले. म्हणजे सोबत्यांचे सोबती म्हणायचे. पण काम भागतं.

आणि काम भागतं म्हणजे कसं, ते एका गावात पाहिलंय. नळाला गढूळ पाणी येतं म्हणून बायका वर्षभर ओरडत होत्या. ग्रामपंचायतीत उत्तर ठरलेलं, "पाईपातली माती आहे, उकळून प्या." जल जीवन मिशनमध्ये (२०१९ पासून) प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं, त्यात या गावातल्याही पाच होत्या. त्यांनी काय केलं, तर टाकीपासून वस्तीच्या टोकापर्यंत सहा ठिकाणच्या नळांचं पाणी सहा बाटल्यांत भरलं आणि बाटल्या ओळीनं पंचायतीच्या खिडकीतच ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या तीन पिवळ्या, पुढच्या तीन काळ्या. तिसऱ्या आणि चौथ्या नळाच्या मध्ये एक व्हॉल्व होता. गटारात बुडालेला. नळ बंद झाला की रिकाम्या पाईपात गटाराचं पाणी ओढलं जात होतं. चार दिवसांत व्हॉल्व वर घेतला. कुठल्याही अहवालातल्या आकड्यानं हे झालं नसतं असं मला वाटतं. आकडा वाचून दाखवावा लागतो. काळी बाटली सरपंचांच्या आईलाही दिसते.

पण पिवळी राहिली म्हणून निर्धास्त व्हायचं का? नाही. एक तर बाटलीत पाणी २० मिलिलिटर, मानक १०० मिलिलिटरचं. थोडेसेच जंतू असतील तर ते बाटलीबाहेर राहून जाऊ शकतात. फ्लोराइड, नायट्रेट यांच्याशी तर तिचं काही देणंघेणंच नाही. आणि विषाणू. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेचा प्रवाह वळला आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वझीराबादला पाणी उचलतात तिथं शिरलं. क्लोरीन वाढवला, तुरटी वाढवली. विषमज्वर वाढला नाही, पण कावीळ झालेल्यांचा अंदाज २९ हजारांच्या वर गेला. ज्याला आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो तीच ती, असं पुढे कितीतरी वर्षांनी समजलं. जंतू मेले होते, विषाणू शाबूत होते. आपल्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली तेव्हा मला पहिल्यांदा दिल्लीच आठवली.

असो. आज मला लिहायचंय ते उलट्या बाजूबद्दल. बाटली काळी होते, आणि तरीही पाण्यात विष्ठा नसते.

गंधकावर जगणारे जंतू काही फक्त आतड्यातच नसतात. १८९५ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टला मार्टिनस बायरिंक यांनी सल्फेट श्वसन करणारा जंतू शोधला. श्वसन हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आपण ऑक्सिजन घेतो तसा तो सल्फेट घेतो आणि उच्छ्वास म्हणून हायड्रोजन सल्फाइड सोडतो. डेल्फ्ट हे कालव्यांचं गाव, आणि साचलेल्या कालव्यांचा वास हा तिथला रोजचा अनुभव. आपल्याला त्यासाठी हॉलंडला जायला नको. वांद्र्याहून माहीमकडे येताना लोकलमध्ये दारातली माणसं नाकाला रुमाल लावतात, तोच हा उच्छ्वास. मिठी नदीतून घाण येते. ती कुजवताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मग जंतू नायट्रेट वापरतात, मग गाळातलं लोह, आणि तेही उतरलं की सल्फेटवाल्यांची पाळी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सल्फेट असतं अडीच ग्रॅमच्या वर, म्हणजे खाडीत यांना जेवणही तयार आणि श्वासही तयार. सडक्या अंड्याचा वास आणि काळा गाळ यांचा अर्थ एवढाच, की या पाण्यानं जिरवता येईल तेवढी घाण केव्हाच जिरवलीय. नदीनाल्यात हे जंतू फार झाले तर ते प्रदूषणाचं लक्षण, यात वाद नाही.

(नाकावर मात्र फार विसंबू नये. हवेच्या अब्ज भागांत दोन-चार भाग असला तरी हा वायू आपल्याला कळतो, पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. गटाराच्या चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसांचा घात असाच होतो. मैला हातानं उपसायला बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे, तरी बातम्या येतच असतात.)

पण हेच जंतू जमिनीखाली, जिथं ऑक्सिजन पोचत नाही, तिथं कुणाच्याही घाणीशिवाय मजेत राहतात. जुन्या बोअरमध्ये, गंजक्या पाईपात, साचलेल्या पाण्यात. आपल्या बाटलीतलं थायोसल्फेटही ते वापरतात. बाटलीला दोघांतला फरक कळत नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या सोब्सी आणि फेंडर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी २००२ मध्ये या चाचणीचा आढावा घेतला, त्यात भूजलाबाबत हीच शंका आहे.

ही शंका पुस्तकात वाचताना फारशी टोचत नाही. दौंडच्या बाजूला एका वस्तीवर गेले तेव्हा टोचली.

वस्ती वीस-बावीस घरांची. एक हापसा, आणि चालत पाव तासावर सार्वजनिक विहीर. दोन्हींचं पाणी तपासलं गेलं. हापशाची बाटली काळी झाली, विहिरीची पिवळी राहिली. नियमाप्रमाणे हापशाला लाल रंग फासला आणि त्याचा दांडा काढून ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात ठेवला. लंडनमध्ये १८५४ च्या कॉलऱ्यात जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला होता, ती गोष्ट आम्ही वर्गात केवढ्या कौतुकानं शिकवतो! इथं त्याच दांड्यापायी बायका दिवसाला चार खेपा करत होत्या. एक पोरगी सकाळची शाळा बुडवून कळशी धरत होती. त्या भागात काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं बोलावलं म्हणून मी गेले.

एका मावशींना विचारलं, पाण्याला वास येतो का?

"येतू की. पयली दोन हंडं सांडून द्यायाची, मग न्हाई येत. आमी कायम तसंच करतो."

निम्मं निदान मावशींनीच केलं होतं. मग विचारलं, तपासणीसाठी पाणी कधी घेतलं? तर पहिल्याच हापक्याचं. आणि विहिरीत टीसीएल पावडर कधी टाकली होती? "त्याच दिवशी सकाळी, साहेब येणार म्हणून," जलसुरक्षकानं सरळ सांगितलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, पावडर टाकणं हेच त्याचं काम. पण पाण्यातले जंतू बाटलीत जायच्या आधीच मेले होते. आणि विहीर कशी, तर पायऱ्यांची, काठावर धुण्याचे दगड, वरच्या अंगाला गोठा. नुसते डोळे उघडे ठेवून विहिरीला फेरी मारली असती तरी पुरलं असतं.

आम्ही दांडा परत लावून घेतला. एक बाटली पहिल्या पाण्याची भरली. मग वस्तीतल्या पोरांनी आळीपाळीनं अर्धा तास हापसलं (पोरांना फार मजा आली) आणि दुसरी भरली. शिवाय एक नमुना बर्फात घालून, या वेळी मोटारसायकलवरून, प्रयोगशाळेत. विहिरीचं पाणी पुढच्या आठवड्यात, पावडर टाकायच्या आदल्या संध्याकाळी घेतलं. हापशाची पहिली बाटली दोन-तीन तासांतच काळी पडायला लागली. इतक्या लवकर काळी पडली की बाटलीत जंतू वाढायची वाट न बघता पाण्यातच आधीपासून असलेल्या सल्फाइडवर संशय घ्यावा. दुसरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पिवळीच. विहिरीची सकाळी पाहिली तर शाई.

पण दोन बाटल्यांवर हापसा उघडता येत नाही, अहवाल हवा. हे मला पटतं, मीसुद्धा सही केली नसती. दांडा पुन्हा कोपऱ्यात गेला. ज्या कचेरीनं एका काळ्या बाटलीवर एका दिवसात हापसा बंद केला, तिला प्रयोगशाळेचा कागद पुढे सरकवायला चोवीस दिवस लागले, हे मात्र पटत नाही. बंद करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, उघडणाऱ्याला विचारतात. मधल्या चोवीस दिवसांत वस्ती पीत होती ते त्या विहिरीचं पाणी. रोज पावडर पडायची तेवढाच आधार. दोन लहान मुलांना जुलाब झाले, आशाताईंनी ओआरएसवर निभावलं. विहिरीमुळेच झाले असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही.

अहवालात हापशाच्या पाण्यात ई. कोलाय नाही, लोह जास्त. विहिरीच्या पाण्यात ई. कोलाय आहे.

दांडा बसवायला मी मुद्दाम गेले होते. मावशी हंडा घेऊन पुढे उभ्या. पोरांनी हापसलं, पन्नास वेळा, शंभर वेळा. नुसता खडखडाट. जवळजवळ दीड महिना पडून राहिल्यावर खालचा वॉशर गेला होता. मेकॅनिक तालुक्यात एकच, आणि त्याच्या यादीत आमच्या आधी अकरा हापसे. मावशींनी हंडा उचलला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि विहिरीच्या वाटेला लागल्या. मी जलसुरक्षकाला विचारलं, आज पावडर टाकलीय ना? म्हणाला, संपलीय, उद्या आणतो.