कलम उंच लाव

वर्धा, मृग नक्षत्र

चि. अनिकेत,


कारंजा घाडग्याच्या वावरात यंदा संत्रा लावायचं तू ठरवलंस, याचा आनंद आहे. पण नाल्याकडच्या भारी जमिनीत तीन-तीन फुटांचे खड्डे काढून त्यात कलमं लावायचा बेत आहे, तो सोडून दे. तिथं दीड फूट उंचीचे रुंद गादीवाफे कर आणि कलम त्यांच्या माथ्यावर लाव. आपल्या काळ्या मातीत पहिल्या दोन वर्षांत कलम तहानेपेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्यानं जास्त मरतं, असं माझं ठाम मत आहे.

काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्या फटी मिटतात. अशा जमिनीत खड्डा काढून त्यात भुसभुशीत माती आणि शेणखत भरलं, की वावरातलं पाणी त्या पोकळ जागेकडे ओढ घेतं आणि चारी बाजूंच्या चिकण भिंती ते मुरू देत नाहीत. खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला रांजणच होतो. त्यात भरलेली माती एकदोन पावसांत खाली बसते, तिच्यासोबत कलमही उतरतं आणि डोळा भरलेला सांधा मातीला टेकतो. मूळकूज आणि डिंक्या करणारी फायटोफ्थोरा बुरशी नेमकी याचीच वाट पाहत असते. तिचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, म्हणजे साचलेलं पाणी हीच त्यांची वाट. रंगपूर लिंबाचा खुंट या रोगापुढे जंभेरीपेक्षा जास्त टिकतो, पण वरची संत्र्याची साल नाजूकच. म्हणून पन्हेरीतून कलम घेताना खुंट कोणता ते विचार आणि डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर भरलेला आहे ना, तेही पाहा.

यातली सगळ्यात घातक गोष्ट अशी की मूळ कुजलेलं झाड दिसतं मात्र तहानलेलं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, शेंडा मान टाकतो. माणूस कळवळून आणखी पाणी देतो आणि उरलीसुरली मुळंही जातात. असं झाड दिसलं तर पाणी देण्याआधी बाजूची माती हातानं उकर. एखादी बारीक मुळी चिमटीत धरून हलकेच ओढ. साल मोज्यासारखी निसटून मधली शीर दोऱ्यागत हाती राहिली, तर ती तहान नव्हे, कूज आहे.

तू म्हणशील, जुन्या लोकांनी खोल खड्डे काढूनच बागा उभ्या केल्या. खरं आहे, पण त्यातल्या कितीतरी बागा उताराच्या, मुरमाड जमिनीवर होत्या. तिथं खड्डा खणला की खालचा मुरूम फुटायचा आणि पाण्याला वाट मिळायची. तुझ्या वरच्या मुरमाड पट्टीत खड्डे घेतलेस तर माझी हरकत नाही. आणि संत्र्याची अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात, त्यामुळं खोल खणून कलमाला फार काही मिळत नाही. आणि हे काही संत्र्यापुरतंच नाही; चहाच्या रोपालाही मुळाशी थांबलेलं पाणी सोसत नाही. आसामच्या सपाट मळ्यांत म्हणूनच नाल्यांचं जाळं काढतात, आणि रोप लावताना त्याची मान मातीत गाडली जाऊ देत नाहीत.

दुसरी शंका उन्हाळ्याची, आणि ती मला खरोखर वजनदार वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उंच वाफा लवकर वाळतो. पण कोरडेपणावर इलाज आपल्या हातात आहे. सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटं जाड थर दे, फक्त तो बुंध्यापासून वीतभर लांब ठेव. पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा कर. ठिबकचे थेंब बुंध्यावर न पडता दोन्ही बाजूंना फूटभर अंतरावर पडू देत. पाटानं पाणी देणार असशील तर दुहेरी आळं कर, म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात राहील आणि खोड कोरडं राहील. कमी पडलेलं पाणी दुसऱ्या दिवशी देता येतं, पण श्रावणातल्या झडीत रांजणात भरलेलं पाणी उपसून काढणं कुणाला जमलेलं नाही. वाऱ्यानं कलम हलेल, ही तिसरी भीती. तिला एक बांबूची काठी आणि सुतळीची सैल गाठ पुरे.

जमीन चिखल व्हायच्या आत वाफे ओढून घे, दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेनं चर काढ, आणि माती दोन पावसांत बसू दे. मगच जुलैच्या अखेरीस लागवड कर. लावल्यावर सांध्याखालचं खोड उघडं दिसलंच पाहिजे. पुढं झाडाला अंग आलं की पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डोमलम लाव: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मजुरांनी नाल्याकडे काढलेल्या पहिल्याच खड्ड्यात संध्याकाळी काठोकाठ पाणी भर, आणि सकाळी त्यात किती उरलं ते मला कळव.

तुझा,
काका