नवसागर



दशलक्षण पर्वात पूजेचं साहित्य न्यायला आलेल्या दोघीजणी आमच्या हॉलमधल्या काचेच्या पेटीसमोर थबकल्या. एकीने विचारलं, "मासे पाळलेत का हो?" मी म्हटलं, "नाही, मासा एकही नाही." "मग आत आहे काय?" त्यावर मी चहाचं विचारून विषय बदलला. पर्वाच्या दिवसांत त्यांना चहा चालणार नव्हता हेही माझ्या लक्षात राहिलं नाही, इतकी मी गडबडले. त्या दिवशी टाळलेलं उत्तर आज लिहिते.

आमचे चिरंजीव नववीत. त्यांच्या मित्राचं कुटुंब बेंगळुरूला गेलं आणि जाताना तीन फुटी टाकी स्टँडसकट आमच्याकडे देऊन गेलं. टाकी रिकामी होती, पण लेकाच्या डोक्यात ती केव्हाच भरली होती. त्याला समुद्राच्या पाण्याची टाकी करायची होती आणि त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश हवे होते. त्यासाठी तो आठ महिने पैसे साठवत होता.

सासूबाई म्हणाल्या, "जैनाच्या घरात मासे?" त्यावर हा म्हणतो, "आजी, अरनाथ भगवंतांचं लांछन मासाच आहे ना?" त्या म्हणाल्या, "लांछन आहे. भगवंतांनी बरणीत घालून ठेवला नव्हता." आमचे हे नेहमीप्रमाणे "तुम्ही ठरवा" म्हणून पेपरात शिरले.

मी हो म्हटलं. का म्हटलं, तेही खरं सांगते. हे मासे समुद्रातून पकडून आणावे लागत नाहीत, त्यांची पैदास टाकीत होते आणि आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ती केली आहे, हे त्याने मला दाखवलं. पण माझ्या मनातलं खरं कारण मोबाइल होतं. दिवसभर त्या पडद्यात बघण्यापेक्षा पाण्यात बघू दे, असं वाटलं. शिवाय टाकी तयार व्हायला दीड महिना लागतो आणि तोवर मासा आणायचाच नसतो, हे कळल्यावर मी निर्धास्त झाले. दीड महिन्यात याचा उत्साह मावळेल, हा माझा हिशेब.

पहिला धडा मिठाचा. मला वाटलं होतं, डब्यातलं मीठ पाण्यात टाकलं की समुद्र. तसं नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी बरंच काही ठरावीक प्रमाणात असतं, म्हणून त्याचं वेगळं मीठ विकत आणावं लागतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आमच्या टाकीत दगड-वाळू जाऊन ११० लिटर पाणी मावलं, म्हणजे चार किलोच्या आसपास मीठ. पाणीही नळाचं चालत नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचंसुद्धा नाही, कारण त्यातही थोडे क्षार उरतात. ते आणखी एका गाळणीतून काढून शून्यावर आणावं लागतं. मग बादलीत छोटा पंप सोडून मीठ एक दिवस घोळवायचं आणि खारेपणा मोजायचा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं पाहिजे. पहिल्यांदा १.०३० आलं, मग पाणी घातलं तर १.०२२. पुरणाच्या पोळीची कणीक पहिल्यांदा भिजवताना माझं असंच झालं होतं, जरा पीठ, जरा पाणी, आणि शेवटी सगळ्या गल्लीला पुरेल एवढा गोळा.

सासूबाई हे सगळं देवघराच्या दारातून बघत होत्या. पाणी गाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आम्हाला इतकं काटेकोर गाळताना पाहून त्या पहिल्यांदा जवळ आल्या आणि म्हणाल्या, "हे बरं आहे. आम्ही गाळलं तर जुनाट."

दुसरा धडा जास्त अवघड होता. नव्या पाण्यात माशाच्या विष्ठेचा अमोनिया साठतो आणि त्यानेच मासा मरतो. त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे सूक्ष्म जीवाणू दगड-वाळूत वसावे लागतात. त्यांना वसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस त्यांना अमोनिया पुरवावा लागतो. तो कसा, तर बहुतेक ठिकाणी सल्ला एकच: बाजारातून एक कोळंबी आणा आणि टाकीत कुजू द्या. लेकाने हे वाक्य मला वाचून दाखवलं आणि माझ्याकडे न बघता वही मिटली. पूर्वी तर टाकी 'मुरवण्यासाठी' कणखर जातीचा जिवंत मासा सोडत. जगला तर जगला. ते वाचून त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग आमच्या ह्यांनी, पेपर खाली ठेवून, विचारलं, "अमोनियाच हवा ना? मग अमोनियम क्लोराइड घाला की." अमोनियम क्लोराइड म्हणजे कोण, माहीत आहे का? नवसागर! लहानपणी दारात कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात चिमूटभर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवायचा आणि पांढरा धूर निघायचा, तोच. आम्ही प्रयोगशाळेतलं शुद्ध आणलं, पण नाव तेच. सासूबाईंना हे नाव ऐकून इतका आनंद झाला की शेजारणीला त्यांनी "आमच्याकडे नवसागराचा समुद्र आहे" असं सांगितलं.

रोज संध्याकाळी लेक काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचा. हिरवं झालं की अमोनिया आहे, पिवळं म्हणजे नाही. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर, काचेवर तपकिरी साय आली. मला वाटलं सगळं नासलं. नव्या टाकीत ती येतेच, आपोआप जातेही. अडतिसाव्या दिवशी नळी हळदीसारखी पिवळी राहिली. त्याचा उत्साह मावळला नव्हता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता खेकडा.

जीवाणू लवकर वसावेत म्हणून मधल्या काळात लेकाने एका अनुभवी माणसाच्या जुन्या टाकीतला मूठभर दगड मागून आणला होता. दगडाला भोकंच भोकं. एका रात्री पाणी प्यायला उठले तर टाकीत टकटक आवाज. टॉर्च मारला तर दगडाच्या भोकातून दोन डोळे. अंगठ्याच्या नखाएवढा, केसाळ, काळपट खेकडा. दगडाबरोबर आलेला, कोणी न बोलावलेला.

त्या माणसाला फोन केला. तो भला माणूस, पण सहज म्हणाला, "असले खेकडे मोठे झाले की मासे पकडतात. दगड बाहेर काढून गोड्या पाण्यात बुडवा, बाहेर येईल, टाकून द्या." मीठ सवयीचं असलेल्या जिवाला गोडं पाणी म्हणजे मरणच.

मी म्हटलं, समुद्रात सोडून येऊ. आपल्याला जीवदया म्हटली की सोडणं आठवतं. त्यावर लेकानेच मला अडवलं. टाकीतला जीव समुद्रात सोडायचा नसतो. तो मुळात कुठला ते ठाऊक नाही, आणि त्याच्याबरोबर रोग जाऊ शकतात. अटलांटिक महासागरात लायनफिश हा परका मासा पसरला, त्याने तिथले लहान मासे फस्त केले, आणि तो तिथे पोचला तो हौशी लोकांच्या टाक्यांतूनच, असं मानतात. एक सोडायचा आणि शेकडो मारायचे. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणजे मारायचा नाही, सोडायचा नाही, आणि हा असताना मासे आणायचे नाहीत.

त्या वर्षी आमच्या भागात माताजींचा चातुर्मास होता. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मलाच म्हणायला लावले. मारणं, अवयव तोडणं, जादा ओझं लादणं, अन्नपाणी अडवणं हे मी घडाघडा म्हटलं. "आणि पहिला?" पहिला म्हणजे बंध, बांधून-कोंडून ठेवणं. तो मी गाळला होता. मुद्दाम नव्हे, पण गाळला होता. मग त्यांनी नियम दिला: आहे त्याला सांभाळा, त्याचं आयुष्य असेपर्यंत. नवा त्रस जीव त्यात आणायचा नाही.

नियम मी घेतला. क्लाउनफिश मात्र लेकाचे होते. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. "तुला आधीच नाही म्हणायचं होतं ना," एवढंच म्हणाला. खरं होतं ते. आठ महिन्यांचे पैसे त्याने मिठात आणि पंपात घातले आणि वाट्याला काय आलं, तर रात्री टकटक करणारा एक केसाळ पाहुणा.

आता जे लिहिते ते लिहू की नको, असा विचार बरेच दिवस केला. मे महिन्यात एका रात्री वीज गेली, ती सात तास आली नाही. पंप बंद, पाणी स्थिर, म्हणजे पाण्यातला प्राणवायू कमी होत जाणार. लेक स्टूल घेऊन बसला. दर दहा-पंधरा मिनिटांनी तांब्याने पाणी वर घ्यायचा आणि उंचावरून धार सोडायचा. बारा वाजता मी डोकं दुखतं म्हणून आत जाऊन पडले. अंधारात त्या धारेचा आवाज येत होता, आणि माझ्या मनात आलं, हा आज आपोआप गेला तर सुटू. आपल्या हातून काही नाही, दोष नाही, मुलाला मासे आणता येतील.

पाठशाळेत तंदुल मत्स्याची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा. एकाही जिवाला तो खात नाही, नुसता मनात म्हणतो, मी याच्या जागी असतो तर एकालाही सोडला नसता. तेवढ्यावर सातव्या नरकात जातो. लहानपणी मला हा अन्याय वाटायचा.

सकाळी वीज आली होती. लेक सोफ्यावर झोपलेला, हातात तांब्या. वाळूवर खेकडा उताणा पडला होता. फिकट, पाय पसरलेले, हलत नव्हता. मी नऊ वेळा णमोकार म्हटला. मुलाला उठवायचं धाडस होईना. लांब दांड्याच्या चमच्याने त्याला वाटीत काढला तर वजनच नाही, पापडाच्या तुकड्यासारखा. नीट पाहिलं. पाठीमागे फट होती आणि आत पोकळ.

खेकडा वाढतो तेव्हा जुनं कवच टाकून बाहेर पडतो. नवं कवच काही दिवस मऊ असतं, म्हणून लपून बसतो. हे मला लेकाने डोळे चोळत सांगितलं आणि वाटी घेऊन ते कवच परत टाकीत ठेवलं, त्यातलं कॅल्शियम त्याला लागतं म्हणून. रात्री मला काय वाटलं होतं, ते त्याला मी सांगितलं नाही. आलोचनेत सांगितलं. चौथ्या रात्री दगडाच्या भोकातून पुन्हा दोन डोळे दिसले.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. तो दगडावरचं शेवाळ खातो, आणि आम्ही बिनामिठाचा, बिनामसाल्याचा नोरीचा तुकडा चिमट्याने देतो. रात्रीच्या अंधारात आणखी काय खातो, ते मी शोधायला जात नाही. उन्हाळ्यात रोज लिटरभर पाणी उडतं, तेवढं गोडं पाणी वरून घालायचं, खारं नाही, कारण मीठ उडत नाही.

दर पंधरा दिवसांनी दहा-बारा लिटर पाणी बदलतो. त्या जुन्या पाण्यात बारीक पांढरे ठिपके उड्या मारताना दिसतात. मी ते मोरीत ओतायला निघाले तेव्हा सासूबाईंनी हात धरला. आतून दुहेरी गाळणं आणलं, बादलीवर बांधलं, सगळं पाणी त्यातून ओतलं आणि गाळणं उलटं करून टाकीच्याच पाण्याने टाकीत खंगाळलं. विहिरीवर जीवाणी सोडायच्या तशी. आता ते काम त्यांचंच. लेकाने त्यांच्यासाठी टॉर्चला लाल कागद लावून दिलाय, लाल उजेडात खेकडा बिचकत नाही. सामायिक झालं की त्या टाकीपाशी स्टूल ओढतात आणि मला हाक मारतात, "अगं, आला बघ बाहेर."