आष्ट्यात काही झाले नाही

आष्टा कोठे आहे असे कोणी विचारले, की मी आधी ते कोठे नाही हे सांगतो. बापू गोखले १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांशी लढता लढता जेथे पडले, ते हे गाव नव्हे. ती आष्टी, सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या बाजूला. १९४२ च्या ऑगस्टात चिमूरच्या जोडीने जिचे नाव देशभर गाजले, ती वर्धा जिल्ह्यातली आष्टी. बीड जिल्ह्यात आणखी एक आष्टी आहे, ती तालुक्याचे गाव. आणि मध्य प्रदेशात सिहोरकडे एक चक्क आष्टाच आहे! नावाच्या या गर्दीत आपले सांगली जिल्ह्यातले आष्टा कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या बेचक्यात, उसाच्या फडांत निवांत बसले आहे. त्याच्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. आणि नेमक्या याच कारणाने मला त्या गावची वाट धरावी लागली.

सांगलीहून एस. टी. निघाली, की पहिल्यांदा आयर्विन पूल लागतो. १९२९ सालचा हा पूल. पावसाळ्यात सांगलीकर माणूस भेटला, की 'काय, बरे आहे ना?' असे विचारण्याआधी 'पुलाला पाणी किती फूट?' असे विचारतो. पूल ओलांडला, की सांगलीवाडी, डिग्रज, तुंग अशी गावे मागे पडतात. हंगामाचे दिवस असले, तर उसाने लादलेल्या ट्रॉलीमागे गाडी गोगलगाईसारखी चालते आणि प्रवाशाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. मला तो दर खेपेला मिळाला आहे. आणि दर खेपेला मी एकाच गोष्टीचा विचार केला आहे.

ती गोष्ट १९८६ सालची. मी तेव्हा सांगलीकडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवीत होतो. चाचणी परीक्षेत एक प्रश्न घातला होता : 'आष्टीच्या लढाईवर टीप लिहा.' प्रश्न सोपा. बापू गोखल्यांचे मरण, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागणे, बाजीरावाचे पळणे. चार मुद्दे लिहिले, की पाच गुण. आष्ट्याच्या एका पोरगेल्या विद्यार्थ्याने मात्र ही लढाई आपल्याच गावची समजून दडपून लिहिले होते. लढाईचा मजकूर संपल्यावर पान भरेना, तेव्हा त्याने आपल्या आजीची एक हकीकत खाली जोडून दिली होती. बेचाळीसनंतरच्या धामधुमीत रात्री माणसे येत आणि आजी त्यांना भाकऱ्या करून घाली, अशी काहीशी.

मी ते उत्तर वर्गात वाचून दाखवले. वर्ग हसला, मीही हसलो. गुण अर्थातच भोपळा. तो बिचारा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, लढाई तिकडची झाली, कबूल. मग आमच्या आष्ट्यात काय झालं?"

मी म्हणालो, "आष्ट्यात काही झाले नाही. खाली बस."

वाचकहो, शिक्षकाच्या तोंडून तीस-पस्तीस वर्षांत लाखो वाक्ये जातात. त्यांतली बहुतेक वाऱ्यावर जातात, ही देवाचीच कृपा. पण एखादे वाक्य परत फिरून घरी येते आणि उंबऱ्यात ठाण मांडून बसते. माझे हे वाक्य तसले निघाले.

पोरगा मनाचा मोठा. पावसाळ्याच्या तोंडाला चौंडेश्वरीची भावई आली, तेव्हा त्यानेच मला आग्रहाने आष्ट्याला नेले. गावात ही गर्दी! ती पाहून झाल्यावर जेवण त्याच्या मळ्यातल्या घरी झाले. जेवण आटोपले, मी ओट्यावर सुपारी कातरीत बसलो आणि त्याची आजी खांबाला टेकून बसली. साठीच्या पुढची, कपाळावर गोंदण, आवाज खणखणीत. नातवाने तिला सगळे सांगितले असावे. तिनेच विषय काढला.

"मास्तर, तवा म्या नवी व्हते ह्या घरात. रातच्याला दोन-तीन माणसं यायची. सासूबाई उठवायच्या. भाकरी थापायची, कोरड्यास द्यायचं, आन् गप बसायचं. नाव इचारायचं न्हाई, आन् कुणी इचारलं तर सांगायचंबी न्हाई."

मी वही काढली. "आजी, हे कोणत्या साली?"

"साल मला काय ठावं? शाळू काढणीला आला व्हता. आन् थोरल्या लेकीला दात येत हुते, रातभर किरकिर करायची. म्हनून तर म्या जागी असायची."

"आणि आलेले होते कोण?"

"नाना पाटील सोता आमच्या घरी जेवल्यात," ती म्हणाली.

मी वही मिटली. साल नाही, नाव नाही. आणि जे नाव आहे ते हे असले! वाळवे तालुक्यात क्रांतिसिंह नाना पाटील जितक्या घरी जेवले असे सांगतात, तितक्या घरी जेवायला त्यांना तीन जन्म लागले असते. मी आजीला नमस्कार केला आणि शेवटच्या गाडीने सांगलीला परत आलो. मनात म्हटले, हकीकत गोड आहे, पण हा इतिहास नव्हे.

माझ्यावर संस्कारच तसे होते. आमच्या या मुलखाला कागद शोधणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. ग्रँट डफने साताऱ्यात बसून दप्तरे चाळली आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे हे शाळेत संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांची दप्तरे वाचून एकामागून एक लेखसंग्रह काढीत. राजवाड्यांनी वाईला सापडलेल्या कागदांवर आपला पहिला खंड १८९८ साली उभा केला. कोल्हापूरला १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाले, त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासाचे संशोधक. त्यांनी ताराबाईच्या काळचे कागद विद्यापीठातर्फे छापले. त्याआधी आमच्या कॉलेजांच्या प्रश्नपत्रिका पुण्याहून येत, त्याच्याही आधी मुंबईहून. विद्यापीठ जवळ आले तेव्हा इतिहासही जवळ यायला हवा होता. कागदांच्या बाबतीत तो आलाही. पण कागद असतो वाड्यात. ज्याला वाडाच नव्हता, त्याचे दप्तर कोठे शोधायचे, हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते.

पुढे एका सुटीत मी प्रतिसरकारवरचे लिखाण एका बैठकीत वाचून काढले, तेव्हा माझी झोप उडाली. १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज आणि तेव्हाच्या इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले; वडूजला आणि इस्लामपुरात गोळीबार होऊन माणसे पडली. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली, आणि १९४३ पासून १९४६ पर्यंत जुन्या सातारा जिल्ह्यात तिने आपले सरकार चालवले. गावोगाव तंटे तोडले, दारू बंद केली, दरोडेखोरांना जरब बसवली, थोड्या खर्चात गांधी-लग्ने लावून दिली. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी ही सगळी आष्ट्यापासून एका दिवसात जाऊन यावे अशा गावांतली माणसे. लोक 'पत्री सरकार' म्हणत आणि पायाला पत्री ठोकतात अशी वदंता उठवीत. चळवळीतली मंडळी सांगत, की शिक्षा होती ती तळपायावर काठीच्या फटक्यांची.

आता या सरकारचे दप्तर कोठे असणार? जे सरकार पकडले जाऊ नये म्हणून रोज गाव बदलत होते, ते हजेरीबुक कशाला ठेवील? नावाची चिठ्ठी सापडली, की त्या नावाचे घर उघडे पडणार. म्हणजे कागद कोणी लिहिला? पोलिसांनी. कागदावरच भिस्त ठेवून जो हा इतिहास लिहील, तो नकळत फौजदाराच्या लेखणीने लिहील. 'नाव इचारायचं न्हाई' हे आजीचे अज्ञान नव्हते. ती त्या सरकारची शिस्त होती. मी मात्र तिला नाव सांगता आले नाही म्हणून नापास केले होते.

न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स या इतिहासकाराने १९४८ सालीच माणसांच्या तोंडचा इतिहास टिपून ठेवणारी कचेरी उघडली होती. ते तर दूरचे झाले. पण गेल ऑम्व्हेट या अमेरिकेच्या विदुषी आमच्याच वाळवे तालुक्यात कासेगावला येऊन राहिल्या, इथल्याच झाल्या आणि २०२१ साली तेथेच वारल्या. सातारच्या प्रतिसरकारवरचा त्यांचा निबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्या सातासमुद्रापलीकडून कासेगावला पोचल्या आणि मी सांगलीहून आष्ट्याच्या ओट्यापर्यंत जाऊन वही मिटून परतलो!

१९९५ साली मी टेपरेकॉर्डर घेऊन पुन्हा आष्ट्याला गेलो. ओटा तोच होता, खांब तोच होता. आजी आदल्या वर्षीच्या थंडीत गेली होती. विद्यार्थ्याने चहा दिला. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. कोऱ्या कॅसेटी तशाच परत आणल्या.

त्यानंतर तो ओटा पाहिला तो गेल्या माघात. मी आता निवृत्त आहे; पण एका कॉलेजातल्या प्राध्यापिकाबाई आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपीत हिंडतात, त्यांनी मला बरोबर बोलावले. मुलांच्या हातात टेपरेकॉर्डर नव्हते. खिशातला मोबाइल काढला, की काम सुरू. माझा तो विद्यार्थी आता साठीला टेकला आहे. त्याने आपल्या आईला ओट्यावर आणून बसवले. ती ऐंशीच्या घरातली. म्हणाली, "मला कशाचं ठावं? सासूबाई सांगायच्या तेवढंच." आणि शाळू, भाकरी, दात येणारी लेक, सगळे तिने जसेच्या तसे सांगितले. नाना पाटलांच्या जेवणाला मात्र तिने एक पुरणपोळी जास्त वाढली.

एका मुलीने मला हळूच विचारले, "सर, ऐकीव चालेल का?"

"चालेल," मी म्हणालो. "मात्र ऐकीव म्हणूनच लिही. आणि पुरणपोळी सासूची की सुनेची, तेही लिही."

खरी गंमत पुढेच झाली. त्या मुलीने दात येणारी लेक धरून ठेवली. ती लेक म्हणजे माझ्या विद्यार्थ्याची आत्या. तिच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख निघाली १ जून. आता आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तर सोयीची तारीख लिहीत आणि निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्माला येई, हे कोणाला ठाऊक नाही? म्हणजे कागद खोटा! मग गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी धुंडाळल्या, तेथे ती श्रावणातली सापडली, साल १९४३. मूल सहा-सात महिन्यांचे झाले, की दात येतात. शाळू माघ-फाल्गुनात काढतात. दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळले. आजी सांगत होती ते दिवस १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चमधले. जी तारीख मी मागितली होती, ती आजीने मला त्याच रात्री दिली होती. फक्त माझ्या भाषेत दिली नव्हती. नाना पाटील जेवले की नाही, हे अजून कळलेले नाही. मुलीने त्यापुढे प्रश्नचिन्ह घातले आहे आणि ते योग्यच आहे. सांगितले ते सगळे खरे मानणे हाही इतिहास नव्हे. पण विचारायचेच नाही, हा तर इतिहासाचा खूनच.

परतताना शेताच्या कडेला शाळू पिवळा पडून उभा होता. विद्यार्थी मला गाडीवर पोचवायला आला होता. मी म्हणालो, "तुझे त्या टिपेचे गुण वाढवायला हवेत."

तो हसला. "राहू द्या, सर. लढाई काही आमच्यात झाली नव्हती, ते चुकलंच होतं. खालच्या मजकुराचे द्या."

ते आता कोणत्या गुणपत्रिकेत लिहावेत? म्हणून येथे लिहितो आहे. वाचकहो, दिवाळीला तुमच्या घरी माणसे जमतील. फराळाचे ताट पुढे असताना घरातल्या थोरल्या बाईला विचारा, तुमच्या गावात काय झाले होते. ती म्हणेल, काही झाले नाही. तेवढ्यावर वही मिटू नका. शेतात तेव्हा काय उभे होते आणि मांडीवर कोण होते, एवढे विचारा. साल मागाहून सापडते.